उद्याचा आडाखा कोणी बांधायचा?



या व्याख्यानमालेत आजवर कविता झाली, नाटक झाले, संतसाहित्य झाले, इतिहासही झाला. यंदा कार्यवाहांनी संख्याशास्त्राच्या एका निवृत्त मास्तराला उभे केले आहे आणि विषय दिला आहे उद्योगधंद्यांच्या भविष्याचा. हे भाषण छापून घरोघर जाते. सभागृहात ऐकणाऱ्यांपेक्षा घरी वाचणारे नेहमीच जास्त असतात, म्हणून त्या वाचणाऱ्याला समोर बसवूनच मी हे लिहून आणले आहे. मधूनमधून ‘तुम्ही’ म्हणेन तो त्यालाच.

साहित्याचे मंडळ आहे, तेव्हा शब्दांपासून सुरुवात करतो. उद्या काय होईल हे सांगण्यासाठी मराठीत शब्दांची चैन आहे. भविष्य, भाकीत, होरा, अंदाज, कयास, अटकळ, आडाखा. यांतला ‘अंदाज’ फारसीतून आला, ‘कयास’ अरबीतून. ‘होरा’ तर ग्रीकांकडून संस्कृतात आणि तिथून आपल्या ज्योतिषांकडे. मला स्वतःला ‘आडाखा’ आवडतो. भविष्य सांगतात, भाकीत वर्तवतात, पण आडाखा बांधतात. बांधलेली गोष्ट सोडून पाहता येते. कुठली दोरी कुठे अडकवली होती, कुठली गाठ सैल होती, हे तपासता येते. आज मी ज्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजांविषयी बोलणार आहे, त्यांची पहिली परीक्षा हीच आहे. पाच वर्षांनी ते सोडून पाहता येतात का?

दुसरा शब्द गावाचा. तापी ओलांडून हजिऱ्याच्या रस्त्याला लागले की इच्छापोर येते. गुजराती माणसाला त्या नावात काही वाटत नाही. तिथले ‘पोर’ म्हणजे पूर, गाव. मराठी कानाला मात्र ते ‘इच्छेचे पोर’ असे ऐकू येते. मला हे नाव आजच्या विषयाला अगदी चपखल वाटते, कारण आपण ज्यांना अंदाज म्हणतो त्यांतले बरेचसे इच्छेच्या पोटी जन्मलेले असतात.

या इच्छापोरला गुजरात हिरा बोर्सने रत्ने आणि दागिन्यांसाठी औद्योगिक वसाहत उभारली. मोठमोठे हिरे कारखाने तिथे गेले. पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला, खजोदला, सुरत डायमंड बोर्सची अवाढव्य इमारत झाली. १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांनी तिचे उद्घाटन केले. चार हजारांहून अधिक कार्यालये एका छताखाली. इमारत हेही एक भाकीतच असते, फक्त ते सिमेंटमध्ये लिहिलेले असते. जागा घेणारा, कर्ज काढणारा, पाया खणणारा असे म्हणत असतो की पुढची तीस-चाळीस वर्षे इथे हाच धंदा याच प्रमाणात चालेल. तो हे कागदावर लिहून देत नाही, एवढेच.

आता आकडा पाहा. भारतातून पैलू पाडलेल्या नैसर्गिक हिऱ्यांची निर्यात २०२१-२२ साली सुमारे २४ अब्ज डॉलरची होती. २०२४-२५ साली ती सुमारे १३ अब्जांवर आली. तीन वर्षांत जवळजवळ निम्मी. जगातल्या दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत घासले जातात असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. तेव्हा ही घट कोणाच्या घरात शिरली हे वेगळे सांगायला नको. वराछा आणि कतारगाममधल्या सौराष्ट्राच्या कुटुंबांत ती आधी शिरली. मग त्यांच्यावर चालणाऱ्या किराणा दुकानांत, शाळांत, रिक्षांत, घरभाड्यांत. तुमच्यापैकी कोणाचे पणजोबा गायकवाडीत नोकरीला म्हणून नवसारीकडे आले असतील, कोणाचे आजोबा तापी व्हॅली रेल्वेने खानदेशातून येऊन मागावर उभे राहिले असतील. घंटीवर बसणारे आपल्यात कमी, हे खरे. पण सुरतेत हिरा शिंकला की मागाला सर्दी होते, आणि मागावर कोण आहे हे लिंबायत-उधन्याला जाऊन पाहावे.

प्रश्न असा, की हे आधी कोणी सांगितले नव्हते का?

सांगितले होते. ही गोष्ट रातोरात झालेली नाही. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये ट्रेसी हॉल या रसायनशास्त्रज्ञाने प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हिरा तयार केला. तो दागिन्याच्या लायकीचा नव्हता. काच कापायला, धातू घासायला ठीक. १९७० साली त्याच कंपनीने दागिन्यात बसवण्याजोगा हिराही केला, पण तो खाणीतल्या हिऱ्यापेक्षा महाग पडला. मग दुसरी पद्धत पुढे आली. बंद भांड्यात हिऱ्याची पातळ चकती ठेवायची, मिथेन आणि हायड्रोजन सोडायचा, तापवायचे, आणि कार्बनचा थरावर थर चढू द्यायचा. काही आठवड्यांत खडा तयार होतो. दह्याला विरजण लागते तसे त्याला ‘बीज’ लागते. ही यंत्रे हळूहळू स्वस्त आणि भरवशाची होत गेली. २०१८ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द काढला. त्याच वर्षी, आयुष्यभर खाणीचा हिरा विकणाऱ्या डी बिअर्सने ‘लाइटबॉक्स’ नावाने प्रयोगशाळेतले हिरे बाजारात आणले. भाव ठेवला कॅरटला सरसकट ८०० डॉलर. त्या काळी दुकानातला प्रयोगशाळेचा हिरा खाणीच्या हिऱ्याच्या भावाजवळ होता, तेव्हा ८०० हा आकडा पाडून लावलेला होता. हे हिरे फॅशनचे, साखरपुड्याचे नव्हेत, असे गिऱ्हाइकाच्या मनावर ठसवायचा तो प्रयत्न होता. २०२५ मध्ये कंपनीने लाइटबॉक्स बंद करण्याचे जाहीर केले, कारण बाजार तोवर ८०० च्या कितीतरी खाली गेला होता.

म्हणजे खुणा होत्या. दर दहा-पंधरा वर्षांनी एक. मग अंदाज कुठे चुकला?

इथे जरा थांबून सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या भाषणाचे मर्म इथे आहे. मागच्या दशकात हिरे उद्योगाच्या भविष्याचे अहवाल भरपूर निघत. बेन अँड कंपनी ही नामांकित सल्लागार संस्था अँटवर्पच्या हिरे व्यापार केंद्राच्या सहकार्याने २०११ पासून असे अहवाल काढी. त्यांचे मुख्य चित्र असे होते: जुन्या खाणी संपत आल्या आहेत, नव्या मोठ्या खाणी सापडत नाहीत, उलट भारत आणि चीनमधला मध्यमवर्ग वाढतो आहे, तेव्हा पुढे हिऱ्याचा तुटवडा पडेल. तुटवडा म्हटले की व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे चढता भाव येतो. कृत्रिम हिऱ्याचा उल्लेख धोक्यांमध्ये असे, पण चित्राच्या कडेला.

गंमत अशी, की खाणींचा अंदाज खरा ठरला. जगातले खाणींचे उत्पादन २००५ साली साडेसतरा कोटी कॅरटच्या वर होते, २०१७ साली पंधरा कोटींच्या आसपास, आणि २०२३ साली अकरा कोटींच्या थोडे वर. ऑस्ट्रेलियातली प्रसिद्ध अर्गाइल खाण नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाली. पुरवठा आटला, अगदी सांगितल्याप्रमाणे. आणि भाव पडला. सांगणाऱ्याने खाणीत नीट पाहिले होते, आणि खाणीतच पाहिले होते. खाणवाले, कच्च्या मालाचे विक्रेते, व्यापारी केंद्रे यांना जो प्रश्न पडला होता त्याचे उत्तर त्याने दिले. तो प्रश्न होता, ‘आमच्या मालाचे काय होईल?’ इच्छापोरच्या कारखानदाराचा प्रश्न वेगळा होता: ‘लोक आमच्याच मालाला हिरा म्हणत राहतील का?’ घंटीवर बसणाऱ्याचा तर त्याहून वेगळा: ‘नंगामागे मला काय मिळेल आणि महिन्यात किती दिवस काम असेल?’ हे शेवटचे दोन प्रश्न विचारण्यासाठी पैसे मोजणारा कोणी नव्हता. त्यामुळे त्यांची उत्तरे शोधण्याचे काम कोणाच्याच गळ्यात पडले नाही.

कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. अंदाज बांधणारा ज्याचे मीठ खातो त्याच्या प्रश्नाचा होतो, एवढे साधे हे आहे. यंत्रे विकणाऱ्यांचे अंदाजही याच मापाने मोजा. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला सोन्याचे दिवस येणार, असे सांगत यंत्रे विकली गेली. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याच्या बीजावरची आयातजकात काढली, संशोधनाला आयआयटीला अनुदान दिले. त्याच जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा प्रयोगशाळेतला हिरा भेट दिला. सुरतेने ते ऐकले आणि यंत्रे घेतली. एकाने घेतली तर फायदा, सगळ्यांनी घेतली तर माल ढीगभर. काही वर्षांपूर्वी खाणीच्या हिऱ्यापेक्षा थोडाच स्वस्त असलेला हा हिरा आता त्याच्या दहाव्या हिश्शाला किंवा त्याहूनही खाली मिळतो.

तुमच्या घरात याची जुनी जोड आहे. आजीची नथ काढून पाहा. तिच्यात बसरा मोती असेल तर तो इराणच्या आखातातून आला, आणि मुंबईच्या मोतीबाजारातून आला. त्या व्यापारात सुरतेचे जव्हेरीही होते. जपानच्या मिकिमोतोने १८९३ साली शिंपल्यात मणी सरकवून अर्धगोल मोती वाढवला. १९२० नंतर पूर्ण गोल वाढवलेले मोती युरोपच्या बाजारात येऊ लागले. त्यात १९२९ ची मंदी आली. आखातातला मोत्यांचा धंदा दहा वर्षांत बसला. १९३२ साली बहरीनला तेल सापडले आणि बुड्या मारणारे लोक तिकडे वळले. आज हिरे बाजारात कोणी धीर द्यायला लागला की हमखास मोत्याचे नाव निघते: बघा, खरा बसरा मोती आजही किती मोलाचा आहे! आहेच. तुमच्या आजीच्या नथीतला मोती आज तिच्या लग्नातल्यापेक्षा कितीतरी पट महाग असेल. पण समुद्रात उडी मारणारा कुठे आहे? मुंबईचा तो मोतीबाजार कुठे आहे? वस्तूचा भाव टिकणे आणि तिच्यावरचे पोट टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने तिजोरीतून पाहिले त्याला पहिली दिसली, ज्याने होडीतून पाहिले त्याला दुसरी.

आणखी एक फरक, जो मोत्याचे उदाहरण देणारे विसरतात. मोती वाढायला शिंपला लागतो, समुद्र लागतो, वर्षे लागतात. हिऱ्याला यंत्र आणि वीज लागते, आणि ती इच्छापोरच्या औद्योगिक वसाहतीत मिळते. म्हणून वाढवलेल्या मोत्याचा भाव बराच काळ सावरून धरता आला, हिऱ्याचा धरता आला नाही. जुने उदाहरण घेऊन नवा आडाखा बांधताना ते कुठे जुळत नाही हे आधी पाहावे, मग कुठे जुळते ते.

तर मग मीठ न खाल्लेला माणूस आणायचा कुठून? असे कोणी असते का?

महाराष्ट्रातले एक उदाहरण देतो. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना दाभोळ आठवत असेल. एन्रॉन. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने दाभोळ वीज कंपनीशी करार केला. त्यामागे एक अंदाज होता: राज्याची विजेची भूक इतकी वाढेल की ही सगळी वीज, या भावाने, लागेलच. वीज उचलली नाही तरी ठरावीक पैसे द्यायचे, अशी करारातली तरतूद त्या अंदाजावर उभी होती. जागतिक बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता. आर्थिकदृष्ट्या तो बसत नाही, असे तिचे मत होते. पण बँक परकी, तिचे कागद सरकारी कपाटात. पुण्यात मात्र ‘प्रयास’ नावाचा एक छोटा गट होता. गिरीश संत आणि त्यांचे सहकारी. आयआयटीत शिकलेली, कोणत्याही वीज कंपनीच्या पगारावर नसलेली ही मंडळी. करार बराच काळ गोपनीय होता. जेवढे हाती आले तेवढे घेऊन त्यांनी हिशेब मांडला: ही वीज कशी महाग पडेल, डॉलरचा आणि इंधनाचा भाव वाढला तर काय होईल, मागणी सांगितली तेवढी नसली तर मंडळावर किती बोजा पडेल. १९९५ च्या सुमारास तो हिशेब लोकांपुढे होता. गृहीतके उघड लिहिलेली होती, ज्याला पटत नसेल त्याने आपला आकडा घालून पाहावा.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. २००० साली काही महिन्यांत युनिटचा भाव सात रुपयांच्या पुढे गेला. २००१ मध्ये मंडळाला बिले भरवेनात आणि मे महिन्यात वीजनिर्मिती बंद पडली. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जे लिहिले, त्यातले बरेचसे सहा वर्षे आधी पुण्यातून सांगून झाले होते.

प्रयासची मंडळी त्रिकालज्ञ होती म्हणून हे साधले असे नाही. त्यांना कोणाला प्रकल्प विकायचा नव्हता आणि कोणाला पाडायचाही नव्हता, म्हणून ते आपला आकडा दोन्ही बाजूंनी हलवून पाहू शकले. वीज मंडळातले अभियंते त्यांच्याहून अनुभवी होते. पण अनुभवी माणसाला साहेबाने ठरवलेला निकाल आधी कळलेला असला की हिशेब तिथपर्यंत पोचतोच. स्वतंत्र अंदाजाला स्वतःचे पोट वेगळे भरता आले पाहिजे. अशी संस्था वर्गणीवर, देणगीवर, शिष्यवृत्तीवर चालवावी लागते. ती चालवण्याची पुण्याची एक परंपरा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली साताऱ्याच्या रावबहादूर काळे यांच्या देणगीतून उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळांनी तिथे बसून कोणाचीही परवानगी न घेता शहरांचे, शेतीचे, कामगारांचे हिशेब मांडले. सुरतेत साडीला पैसा मिळतो, हिऱ्याला मिळतो, सप्ताहाला मिळतो. अशा कामाला मिळालेला मी पाहिला नाही.

इच्छापोरच्या शेजारचेच आणखी एक नाव घ्यायला हवे. हजिऱ्याला २००५ साली द्रवरूप वायू उतरवण्याचे जे बंदर सुरू झाले, ते शेल कंपनीचे. याच शेलच्या लंडनच्या कचेरीत १९७० च्या सुमारास पिएर वाक नावाचा फ्रेंच माणूस बसून वेगळेच काम करत होता. पुढच्या वर्षी तेलाचा भाव काय, असे तो सांगत नसे. तो वरिष्ठांपुढे दोन-तीन वेगवेगळ्या कहाण्या ठेवी. असे झाले तर तुम्ही काय कराल? तसे झाले तर? त्यांतल्या एका कहाणीत तेल उत्पादक देश भाव वाढवतात. १९७३ मध्ये ते घडले तेव्हा शेलच्या साहेबांनी त्याचा विचार निदान एकदा केलेला होता. पद्धत उत्तम आहे, आपल्या मंडळाच्या कथाकारांना जमेल अशी आहे. पण ते कहाणीकार कंपनीचे होते आणि कहाण्या कंपनीच्या कपाटात होत्या. कच्छच्या ट्रकवाल्याला त्या कोणी वाचून दाखवल्या नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, स्वतंत्र माणूसही चुकतोच ना? चुकतोच. अमेरिकेतल्या फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने जवळजवळ वीस वर्षे २८४ तज्ज्ञांची ऐंशी हजारांहून अधिक भाकिते जमवली आणि ताडून पाहिली. २००५ साली त्याने निकाल छापला. बहुतेक तज्ज्ञ ‘जसे चालले आहे तसे चालेल’ म्हणणाऱ्या साध्या नियमापेक्षा फारसे सरस नव्हते, आणि वर्तमानपत्रांत जास्त झळकणारे जास्त चुकत होते. पाचेक वर्षांच्या पलीकडे तर जवळपास सगळेच अंधारात. म्हणून जो छातीठोकपणे २०५० सालचे सांगतो त्याच्यापासून चार हात दूर राहा. भेंडवळच्या घटमांडणीला मी हसत नाही. अक्षय्य तृतीयेला ती मंडळी निदान तारीख लावून, सगळ्यांसमोर, पिकापिकाचे बोलतात. मागच्या वर्षीचे काय झाले याची वही कोणी ठेवत नाही, एवढीच माझी तक्रार.

वही ठेवण्याचे सुंदर उदाहरण आपल्या वसंत गोवारीकरांचे आहे. १९८८ साली त्यांच्या पुढाकाराने हवामान खात्याने मॉन्सूनचे सोळा घटकांचे प्रारूप वापरायला सुरुवात केली. दरवर्षी जूनच्या आधी आकडा जाहीर: सरासरीच्या इतके टक्के, अधिक-उणे इतके. वर्षाच्या शेवटी पाऊस स्वतःच निकाल लावी. बरीच वर्षे ते चांगले चालले. २००२ साली अंदाज होता १०१ टक्क्यांचा. जुलै कोरडा गेला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. टीका भरपूर झाली. पण आकडा छापलेला होता म्हणून चूक किती मोठी हे मोजता आले आणि २००३ मध्ये प्रारूप बदलले. मोघम बोलले असते तर आजवर तेच चालू राहिले असते. अर्थात पाऊस आणि बाजार यांत फरक आहे. पाऊस आपला अंदाज ऐकत नाही. बाजार ऐकतो, आणि ऐकून वागणूक बदलतो. यंत्रांच्या बाबतीत ते आपण पाहिलेच.

काही गोष्टी मात्र कोणत्याच वहीत बसत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले. एका माणसाच्या सहीने झालेली गोष्ट. ती आधी सांगता आली असती असे म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. दीर्घ पल्ल्याचा आडाखा संथ गोष्टींसाठी असतो: ज्या सुरू होऊन गेल्या आहेत, पण आपल्या दारापर्यंत पोचायच्या आहेत. तापीचे मुख गाळाने भरत होते, मुंबईचे बंदर वाढत होते. ईस्ट इंडिया कंपनीने १६८७ मध्ये आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले, तो दिवस कोणी सांगू शकला नसता, पण गाळ तर रोज दिसत होता.

मग आपण काय करू शकतो? मोठी संस्था काढा असे मी सांगत नाही. इतके मात्र सांगतो की या गावातल्या कारखानदारांच्या संघटना, बँकांचे व्यवस्थापक, महापालिकेतले लोक यांना विकत घेतलेल्या अहवालाच्या शेजारी ठेवायला एक न विकलेला अहवाल हवा आहे. आणि त्यांच्याइतकीच तो मुलाला दहावीनंतर कुठे घालावे हे ठरवणाऱ्या बापाला हवा आहे. नेता म्हणजे फक्त खुर्चीवरचा माणूस नव्हे. पाच जणांच्या घराचा पुढच्या दहा वर्षांचा बेत आखणारी बाईही या अर्थाने नेताच आहे, आणि तिच्यासाठी आजवर कोणी अहवाल लिहिलेला नाही.

मंडळाकडे ग्रंथालय आहे, त्यात सुरतेच्या सगळ्या धंद्यांतली माणसे येतात. कोणी हजिऱ्याला कंपनीत, कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणाचा जावई हिऱ्यात, कोणाचा भाऊ जरीत. अशी नाना ठिकाणी बसलेली, एकाच मालकाची नसलेली माणसे एकत्र करणे हेच स्वतंत्र अंदाजाचे अर्धे काम. कार्यवाहांशी बोलून मी ग्रंथालयात एक साधी जाड वही ठेवली आहे. प्रश्न असा लिहायचा की ठरलेल्या तारखेला त्याचे उत्तर हो किंवा नाही असे येईल. खाली आपला आकडा शेकड्यात, कारण दोन ओळींत, आणि नाव. ‘बहुधा’, ‘शक्यता नाकारता येत नाही’ असली भाषा त्या वहीत चालणार नाही. ती संपादकीयांसाठी राखून ठेवावी. शिवाय या धंद्यात आपला पैसा किंवा नोकरी अडकली असेल तर नावापुढे तसे लिहायचे. त्यात कमीपणा नाही, पण वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

पहिल्या पानावर मी माझे तीन लिहिले आहेत, सगळ्यांची तारीख ३१ मार्च २०३१. नावापुढे ‘हिऱ्यात काही नाही’ असे लिहिले आहे. पत्नीच्या कुड्या सोडल्या तर ते खरे आहे.

२०३०-३१ या वर्षी भारतातून पैलू पाडलेल्या नैसर्गिक हिऱ्यांची निर्यात पुन्हा २४ अब्ज डॉलरवर जाईल का? माझा आकडा शंभरात दहा. अमेरिकेचे शुल्क पूर्ण निघाले तरी तो फारसा बदलत नाही, कारण घसरण त्याच्या आधीची आहे.

त्या दिवशी सुरतेच्या दुकानात एक कॅरटचा प्रयोगशाळेतला हिरा त्याच प्रतीच्या खाणीच्या हिऱ्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा स्वस्त मिळत असेल का? शंभरात ऐंशी.

तिसऱ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ घेतला. आज वराछा, कतारगाम आणि इच्छापोरच्या कारखान्यांत घंटीवर बसणाऱ्या दहा कारागिरांना आपण विचारू, मुलाला याच कामात घालाल का, आणि किती जण हो म्हणाले ते लिहून ठेवू. हाच प्रश्न त्या तारखेला पुन्हा दहा जणांना विचारला तर ‘हो’ म्हणणारे आजच्यापेक्षा कमी असतील का? शंभरात सत्तर. दहा हा आकडा लहान आहे हे संख्याशास्त्राच्या मास्तराला कोणी सांगायला नको. म्हणून मला आणखी चार-पाच जण हवे आहेत, प्रत्येकी दहा घरे हिंडायला तयार असलेले. एखाद्याला सौराष्ट्राची बोली नीट येत असेल तर फार बरे. वही ग्रंथपालांच्या टेबलावर आहे, शनिवारी चार ते सात.